जपानमधली देवळं डोंगरात शोधा: कोयासान, कुमानो आणि हिदा, बारा रात्री

प्रश्न थोडक्यात असा होता: "आम्ही दोघं नाशिकला राहतो. वय 61 आणि 66. ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यात बारा रात्रींसाठी जपानला जायचं ठरतंय. देवळं, गरम पाण्याचे झरे आणि डोंगर एवढंच पाहायचं आहे. एजंटनं टोकियो, हाकोने, फुजी, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा असा कार्यक्रम आणि सोबत रेल्वेचा पास सुचवलाय. ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण दोघंही चालू शकतो. शाकाहारी आहोत, मी अंडं खाते. हा कार्यक्रम बरोबर आहे का, आणि जेवणाचं कसं जमवायचं?"

ताई, नमस्कार.

देवळं, झरे, डोंगर हे तीन शब्द वाचून फार बरं वाटलं. एजंटचा कार्यक्रम वाचून मात्र काळजी वाटली. बारा रात्रींत सात ठिकाणं म्हणजे रोज सकाळी बॅग भरायची आणि रोज दुपारी नवं स्टेशन शोधायचं. देवळं दिसतील ती गर्दीच्या खांद्यांवरून. झरा मिळेल तो हाकोनेतल्या एका रात्रीपुरता. आणि डोंगर म्हणाल तर फुजी, तोही ढग नसले तर, गाडीच्या खिडकीतून.

मी जपानी भाषा पुण्यात शिकले, सहा वर्षं नागोयात दुभाषी म्हणून काम केलं आणि गेली चौदा वर्षं आपल्याकडच्या आठ-दहा जणांच्या गटांना घेऊन जपानात जातेय. तुमच्या वयाची जोडपी त्यात पुष्कळ असतात. त्या अनुभवावरून सांगते, या यादीतलं बहुतेक सगळं काढून टाका. क्योटोसुद्धा या खेपेला राहू द्या. क्योटो सुंदरच आहे, पण शरद ऋतूत कियोमिझू देवळाच्या चढावर पाय ठेवायला जागा नसते आणि शहरातल्या बसमध्ये वयस्कर माणसाला उभ्यानं तास काढावा लागतो. तुमच्या मनात जे आहे ते तिथून दक्षिणेला, कीई द्वीपकल्पाच्या डोंगरात आहे.

असं का म्हणते ते सांगते. बहुतेक जपानी बौद्ध मंदिरांच्या नावाआधी एका डोंगराचं नाव लागतं. कोयासान कोंगोबुजी, हिएइझान एन्र्याकुजी. 'सान' किंवा 'झान' म्हणजे डोंगर. टोकियोतलं असाकुसाचं सेन्सोजी नदीकाठच्या अगदी सपाट जागेवर आहे, तरी त्याचं पूर्ण नाव किन्र्यूझान सेन्सोजी, म्हणजे सुवर्णनागाच्या डोंगरावरचं सेन्सोजी. देवळाच्या महाद्वाराला सान्मोन म्हणतात, त्याचाही अर्थ डोंगराचा दरवाजा. म्हणजे देऊळ शहरात आलं तरी डोंगर नावात घेऊन आलं. आणि डोंगरातल्या यात्रेकरूनं देवापुढे उभं राहण्याआधी गरम झऱ्यात अंग धुवायचं, ही कुमानोतली जुनी रीत. तुमचे तीन शब्द तिथे एकाच वाटेवर येतात. कीई पर्वतातली ही तीर्थक्षेत्रं आणि त्यांना जोडणाऱ्या यात्रेच्या वाटा 2004 साली जागतिक वारसा यादीत आल्या.

तर माझी आखणी अशी: ओसाका एक रात्र, कोयासान दोन, युनोमिने तीन, कात्सुउरा एक, ताकायामा दोन, हिरायु दोन, टोकियो एक. विमान कानसाई विमानतळावर उतरणारं आणि टोकियोहून परतणारं घ्या, म्हणजे त्याच रस्त्यानं मागे फिरावं लागणार नाही.

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनातून नानकाइ कंपनीची गाडी सुटते. तासाभरात सपाटी संपते आणि गाडीचा सूर बदलतो, आपल्याकडे कर्जत सोडल्यावर घाटात बदलतो तसा. बोगदे, वळणं, खाली नदी. शेवटचं स्टेशन गोकुराकुबाशी, अर्थ 'सुखावतीचा पूल'. तिथून दोरीवर ओढली जाणारी केबल कार पाच मिनिटांत डोंगरमाथ्यावर नेते आणि पुढे गावापर्यंत बस. त्या रस्त्यावर चालायला परवानगी नाही, म्हणून बस सोडू नका.

वर सुमारे 800 मीटर उंचीवर सगळं गावच देवळांचं आहे. 117 मंदिरं, आणि त्यातली पन्नासेक यात्रेकरूंना राहायला जागा देतात. या राहण्याला शुकुबो म्हणतात. दर माणशी असतो आणि त्यात दोन वेळचं जेवण येतं. तातामीच्या चटयांची खोली, जमिनीवर फुतोन अंथरूण, सरकती दारं, बाहेर छोटी बाग. संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण, आणि नऊच्या सुमारास देवळाचं दार बंद. पहाटे सहा-साडेसहाला पूजा. हे सहा म्हणजे आपले रात्रीचे अडीच, म्हणून पहिल्या पहाटे डोळे मिटत राहतात. दुसरी पहाट खरी तुमची. एका रात्रीत कोयासान उरकणाऱ्यांना ती मिळतच नाही.

हा मठ कूकाइ नावाच्या भिक्षूनं उभा केला. जन्म 774. सन 804 मध्ये ते चीनला गेले, छांगआन या तिथल्या राजधानीत हुइग्वो या आचार्यांकडून वज्रयानाची दीक्षा घेतली आणि तिथेच प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकले. 806 साली परतले, 816 साली सम्राटानं त्यांना हा डोंगर दिला. 835 साली ते गेले असं इतिहास सांगतो. कोयासानचे लोक तसं म्हणत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं कोबो दाइशी, म्हणजे कूकाइच, ओकुनोइनच्या गुहेत अजून ध्यानाला बसलेले आहेत, आणि म्हणून रोज सकाळी सहा आणि साडेदहा वाजता भिक्षू त्यांच्यासाठी जेवणाची पेटी घेऊन जातात. आळंदीच्या संजीवन समाधीपुढे हात जोडलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या गटातल्या एक आजी ती पेटी जाताना पाहून नकळत वाकल्या होत्या.

पहाटेच्या पूजेबद्दल मुद्दाम सांगते. गाभारा जवळजवळ काळोखात असतो, सोनेरी दिवे टांगलेले, धुपाचा वास. दोन-तीन भिक्षू खालच्या सुरात म्हणायला लागतात. पहिली दहा मिनिटं काही कळत नाही, सगळं जपानी वळणाचं. मग प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचा शेवट येतो: "ग्याते ग्याते हारा ग्याते हारासो ग्याते बोजी सोवाका." एकदा नीट ऐका. गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. आपलं 'स्वाहा' बाराशे वर्षांत 'सोवाका' झालंय, एवढाच फरक. काही मंदिरांत यानंतर 'गोमा' असतो, म्हणजे होमच. यज्ञकुंडात भिक्षू इच्छा लिहिलेल्या लाकडी पट्ट्या एकेक करून टाकतात आणि ज्वाला छताच्या दिशेनं झेपावते. समोर जो क्रुद्ध देव असतो तो फुदो म्योओ, संस्कृतात अचलनाथ. शुकुबो निवडताना तिथे सकाळी गोमा होतो का, हे विचारून घ्या.

दुसरी गोष्ट जवळून बघायची ती ओकुनोइनच्या वाटेवर. इचिनोहाशी पुलापासून समाधीपर्यंत दोन किलोमीटर वाट आहे. दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी वृक्ष आणि त्यांच्या मुळांशी दोन लाखांच्या वर समाधी-शिळा, सरदारांच्या, साध्या माणसांच्या, कंपन्यांच्या. वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेनं वाळवीच्या आत्म्यांसाठी उभारलेला दगडही आहे. पण तुम्ही थांबा ते पाच तुकड्यांच्या दगडी स्तंभापाशी, गोरिन्तोपाशी. खाली चौकोन, त्यावर गोल, त्यावर तिरका छपरासारखा, मग अर्धगोल आणि टोकाला कमळकळीसारखा मणी. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येकावर एक अक्षर कोरलेलं असतं: अ, व, र, ह, ख. लिपी सिद्धम आहे, आपल्या देवनागरीच्या कुळातली. शेवाळ जरा हलक्या नजरेनं बाजूला सारून पाहिलंत तर 'र' तुम्हाला वाचता येईल. शेजारून जाणाऱ्या बहुतेक जपान्यांना येत नाही. देह पंचमहाभूतांत विलीन झाला हे त्यांनी दगडात लिहून ठेवलंय, आपण तोंडानं म्हणतो तेच.

ही वाट दोनदा चाला, एकदा सकाळी आणि एकदा अंधार पडल्यावर, कंदील लागल्यानंतर. शेवटच्या गोब्यो पुलापलीकडे फोटो काढायचा नाही, टोपी काढायची. कोंगोबुजीतली दगडांची बाग आणि गारान या मुख्य मंदिर-आवारातला शेंदरी रंगाचा कोन्पोन दाइतो स्तूप पाहायलाच हवेत, त्यांच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडेल म्हणून मी इथे लांबवत नाही. फक्त वाटेत न्योनिन्दो नावाची साधी लाकडी वास्तू लागते, तिथे पाच मिनिटं बसा. मेइजी काळापर्यंत बायकांना डोंगरमाथ्यावर प्रवेश नव्हता, त्या इथपर्यंत यायच्या आणि कडेकडेनं डोंगराला फेरी मारून परत जायच्या.

आता कुमानो. कोयासानहून डोंगरातून कुमानोकडे जाणारी बससेवा एप्रिल ते नोव्हेंबर या महिन्यांत असते. वाटेत बदलावी लागते, चार-पाच तास लागतात, आरक्षण आधी करा. ती मिळाली नाही तर खाली उतरून रेल्वेनं कीई-तानाबेला जायचं आणि तिथून दोन तासांची बस.

मुक्काम युनोमिनेला करा. अरुंद दरी, मधून ओढा, दोन्ही काठांवर मिळून डझनभर घरं आणि सरायी. ओढ्यातूनच वाफ निघते. बस थांबली की गंधकाचा वास येतो, उकडलेल्या अंड्यासारखा, आणि तो दोन दिवस कपड्यांतून जात नाही. चांदीचे दागिने आधीच काढून ठेवा, काळे पडतात. नवल म्हणजे कीई द्वीपकल्पात जागता ज्वालामुखी एकही नाही, तरी इथे नव्वद अंशांच्या आसपासचं पाणी वर येतं. त्याची उष्णता खोल जमिनीखाली सरकणाऱ्या भूपट्टाशी जोडलेली आहे असं भूशास्त्रज्ञ मानतात. आपल्या कोकणातही उन्हवऱ्याला, तुरळला, राजापूरजवळच्या उन्हाळे गावाला ज्वालामुखीशिवायच गरम पाणी येतं, म्हणून मला ही दरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा परकी वाटली नाही.

ओढ्याच्या कडेला युझुत्सु नावाची दगडी चौकट आहे, स्वयंपाकाचं कुंड म्हणा. समोरच्या दुकानात जाळीच्या पिशवीत अंडी, रताळी मिळतात. पिशवीची दोरी कडेच्या आकड्याला अडकवायची, पिशवी पाण्यात सोडायची आणि बाकावर बसायचं. अंड्यांना बारा-पंधरा मिनिटं, रताळ्यांना अर्धा तास, जाडं असेल तर जास्त. शेजारी गावातली बाई पालेभाजी उकडायला आलेली असते, ती तुमच्या पिशवीकडे बघून "अजून थोडं" असं हातानं सांगते. नाशिकहून मीठ-मिरपुडीची छोटी डबी न्या. तुमच्यासाठी अंडी, ह्यांच्यासाठी रताळी. ती रताळी मी कित्येक वर्षं खातेय, दरवेळी पहिला घास घेताना जीभ भाजते आणि दरवेळी तेवढीच गोड लागतात.

त्याच ओढ्यात त्सुबोयु आहे. फळ्यांची छोटी खोली, आत खडकातच दोन माणसं जेमतेम मावतील असा खळगा, तळाशी गोटे. जागतिक वारशात नोंद असलेलं आणि आत उतरून अंघोळ करता येईल असं हे गरम पाण्याचं कुंड. पाण्याचा रंग दिवसातून सात वेळा बदलतो म्हणतात. मी दुधाळ निळा आणि पारदर्शक हे दोन पाहिलेत. आरक्षण नाही, खिडकीवर नंबर घ्यायचा, एका नंबराला तीस मिनिटं. नवरा-बायको एकत्र जाऊ शकतात, आणि हे मी मुद्दाम सांगतेय.

कारण बहुतेक मराठी माणसांचा खरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत, तो कपड्यांचा असतो. जपानी ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या स्नानगृहात, पोहण्याचा पोशाख चालत नाही, साडी-गाऊन नाही, काहीच नाही. पुरुष आणि बायका वेगवेगळे, बहुतेकदा निळा पडदा पुरुषांचा, लाल बायकांचा. पण पुष्कळ सरायींत सकाळ-संध्याकाळ बाजू बदलतात, म्हणून रोज नव्यानं बघायचं. संकोच वाटणं अगदी स्वाभाविक आहे आणि त्यासाठी कुणाला हसू नये. माझा उपाय असा: पहिली अंघोळ त्सुबोयुत किंवा सरायीच्या 'काशिकिरी-बुरो'मध्ये करा, म्हणजे तेवढ्या वेळापुरतं आतून कडी लावून घ्यायचं खासगी कुंड. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सार्वजनिक कुंडात जा, तेव्हा एखादी म्हातारी असते, आणि ती तुमच्याकडे बघतही नाही. माझ्या गटातल्या दहापैकी आठ बायका तिसऱ्या दिवशी आपण होऊन जातात.

रीत सोपी आहे. आधी लहान स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, मग कुंडात उतरायचं. कुंड अंग घासायला नसतं, शेकायला असतं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, जपानी लोक घडी करून डोक्यावर ठेवतात. केस पाण्याबाहेर बांधलेले. युकाता, म्हणजे सरायीत मिळणारा सुती झगा, घालताना डावी बाजू उजवीवर घ्यायची, उलट घडी प्रेताला घालतात.

ह्यांच्या रक्तदाबाबद्दल जरा थांबून लिहिते. पाणी 40 ते 42 अंशांचं असतं, काही ठिकाणी त्याहून कढत. काही वर्षांपूर्वी आमच्याबरोबरचे एक काका दिवसभर चालून आले, थेट कुंडात उतरले, वीस मिनिटं बसले आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन काठावर कोसळले. सुदैवानं डोकं दगडाला लागलं नाही. तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, गोळीची वेळ विचारून घ्या. जेवल्यावर लगेच नाही, आणि चालून आल्यावर अर्धा तास बसून पाणी पिऊन मगच. आधी पायांवर, मग खांद्यांवर पाच-सहा तांबे घ्यायचे. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, तेही छातीपर्यंत पाणी न घेता. उठताना काठ धरून सावकाश. पुरुषांच्या बाजूला तुम्ही नसणार, म्हणून त्यांनी एकट्यानं जायचं नाही.

युनोमिनेला तीन रात्री ठेवल्यात त्या एका चालण्यासाठी. कुमानो कोदो ही यात्रेची जुनी वाट कित्येक दिवसांची आहे, पण तिचा सगळ्यात गोड तुकडा होश्शिन्मोनपासून होंगूच्या देवळापर्यंतचा, सुमारे सात किलोमीटर, बराचसा उताराचा. बसनं वर जायचं आणि चालत खाली यायचं. जपानी माणूस अडीच-तीन तासांत उतरतो, तुम्ही चार धरा. चहाचे मळे, खेड्यातली परसं, मग गर्द सुगीचं रान. वाटेत फुशिओगामी नावाचं ठिकाण लागतं. आठवडेच्या आठवडे चालून आलेल्या यात्रेकरूंना इथून पहिल्यांदा होंगूचं देऊळ दिसायचं आणि ते जमिनीवर लोटांगण घालायचे. नावाचा अर्थच तो. वेळापूरजवळ पंढरीचा कळस दिसला म्हणून धावा करणारे वारकरी मला तिथे दरवेळी आठवतात. या यात्रेला जुन्या जपानीत 'मुंग्यांची कुमानोवारी' म्हणायचे, इतकी माणसांची रांग असायची.

त्याच जागी इझुमी शिकिबु या हजार वर्षांपूर्वीच्या कवयित्रीची आख्यायिका सांगतात. इथवर पोचल्यावर तिला पाळी आली. आता देवापुढे जाता येणार नाही म्हणून तिनं दुःखाची कविता लिहिली. रात्री स्वप्नात कुमानोच्या देवानं उत्तर दिलं, तशीच ये. कुमानोत बायका, आजारी, आंधळे, कुणालाच मज्जाव नव्हता. कोयासानच्या न्योनिन्दोत बसून आल्यानंतर चार दिवसांनी ही गोष्ट ऐकली की दोन डोंगरांमधला फरक मनात उतरतो. म्हणून क्रम हाच ठेवा.

होंगूचं मूळ देऊळ ओयुनोहारा नावाच्या नदीकाठच्या वाळवंटावर होतं. 1889 च्या पुरानं ते उद्ध्वस्त केलं, वाचलेल्या वास्तू वर टेकडीवर हलवल्या. जुन्या जागेवर आता जवळजवळ 34 मीटर उंचीचं तोरी, म्हणजे शिन्तो या जपानच्या मूळ धर्माच्या देवळाचं प्रवेशद्वार, आहे, आणि आत मोकळं गवत. मला टेकडीवरच्या देवळापेक्षा तिथे जास्त वेळ बसावंसं वाटतं. शिन्तो देवळात दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, मग एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळी नाही, नुसते हात जोडायचे.

पुढे शिंगूवरून कात्सुउराला या आणि नाचीला जा. दाइमोन्झाकाची दगडी पायऱ्यांची वाट, वर लाल देऊळ, त्याच्या भिंतीला भिंत लावून सेइगान्तोजी, आणि समोर 133 मीटरचा धबधबा. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण बस वरपर्यंतही जाते, गुडघे बोलायला लागले तर ती घ्या. सेइगान्तोजीची आख्यायिका अशी की समुद्रातून वाहत आलेल्या एका भारतीय साधूनं, राग्यो शोनिननं, धबधब्याखाली तप केलं आणि त्याला पाण्यात कान्नोन, म्हणजे अवलोकितेश्वर, सापडला. 'राग्यो' म्हणजे दिगंबर. धबधब्यापाशी वेगळी मूर्ती नाही, गाभारा नाही. पाणी हाच देव.

कात्सुउराहून नागोया आणि नागोयाहून ताकायामा हा दिवस रेल्वेत जातो. आधी कुमानोचा समुद्र, नंतर हिदा नदीची घळ, खिडकी मिळाली तर कंटाळा येत नाही. ताकायामा हे हिदा या डोंगराळ प्रदेशातलं गाव. त्याबद्दल थोडक्यात: जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्या, नदीकाठचा सकाळचा बाजार, हिगाशियामाच्या उतारावरची दहा-बारा शांत देवळं. एक पूर्ण दिवस पुरे.

हिरायु बसनं तासाभरावर. तिथून दोन गोष्टी करा, हवा स्वच्छ असेल तो दिवस शिन्होताका रोपवेला द्या, 2,156 मीटरपर्यंत नेतो, आणि दुसरा कामिकोची या डोंगरातल्या दरीला. कामिकोचीत खासगी गाड्या जात नाहीत, 15 नोव्हेंबरला ते हिवाळ्यासाठी बंद होतं. ताइशो-इके तळ्यापाशी उतरा आणि अझुसा नदीच्या काठानं काप्पाबाशी पुलापर्यंत सपाटीनं तास-सव्वा तास चाला. हे तळं 1915 साली शेजारच्या याकेदाके ज्वालामुखीच्या उद्रेकानं नदी अडून तयार झालं. याकेदाके अजून जागा आहे. पुलावरून समोर होताकाची रांग दिसते, त्यातलं ओकु-होताका 3,190 मीटर. ऑक्टोबरअखेर तिथले लार्च वृक्ष सोनेरी होतात आणि सकाळी तापमान शून्याजवळ येतं. थर्मल, लोकरी टोपी आणि अस्वलं दूर राहावीत म्हणून बॅगेला लावायची घंटी हवीच. शेवटी हिरायुहून बसनं मात्सुमोतो आणि तिथून अझुसा गाडीनं टोकियो.

आता जेवण. जपानमध्ये मांसाचा तुकडा टाळणं सोपं आहे, माशाचा अर्क टाळणं अवघड. दाशी नावाचा जो रस्सा सगळ्याचा पाया असतो तो वाळवलेल्या कात्सुओ माशाचा असतो. मिसो सूप, उदोनचा रस्सा, उकडलेली भाजी, सोबाबरोबरची चटणी, सगळ्यात तो येतो, आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटतच नाही. म्हणून नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. हे वाक्य पाठ करा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देस." मांस, मासे दोन्ही खात नाही, माशाचा दाशीही चालत नाही.

कोयासानला ही चिंताच नाही. तिथलं शोजिन र्योरी, मठातलं जेवण, मांस-मासे तर सोडाच, कांदा-लसूणही वर्ज्य करतं. दाशी कोम्बु शेवाळाचा आणि शिइताके अळंब्यांचा. तिळाचं मऊसूत गोमा-दोफु आणि गोठवून वाळवलेलं कोया-दोफु तिथलीच देणगी. बाकी ठिकाणी सरायीला आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवा, आयत्या वेळी त्यांना खरंच काही करता येत नाही. नाही म्हणाले तर रात्रीच्या जेवणाशिवायची खोली घ्या. कात्सुउरा ट्यूना माशाचं बंदर आहे, तिथे हाल होतात. घरून नेलेल्या दशम्या तोवर संपल्या असतील, पण मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि सरायीचा गरम भात यावर एक रात्र सुखानं निघते. ताज्या फळांना आणि मांसाला जपानात नेण्यास मनाई आहे, तेवढं लक्षात ठेवा. कोयासान आणि कुमानो ज्यात येतात तो वाकायामा हा उमे या आंबट, जर्दाळूसारख्या फळाचा प्रांत, तिथलं उमेबोशी आपल्या खारवलेल्या कैरीच्या लोणच्याची आठवण करून देतं. ताकायामात मिताराशी दांगो खा, तांदळाच्या पिठाच्या गोळ्या सोयासॉस लावून निखाऱ्यावर भाजलेल्या, गोड नसतात.

रेल्वे पास घेऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा साधा पास 29,650 येनांवरून 50,000 येनांवर गेला, आणि तुमच्या वाटेवरची नानकाइ रेल्वे, बस यांना तो लागू नाही. सुटी तिकिटं स्वस्त पडतील. मोठ्या बॅगा ओसाकातूनच ताक्क्युबिननं, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरियरनं, ताकायामाच्या हॉटेलवर पाठवून द्या, पोचण्याची तारीख लिहून देता येते, आणि डोंगरातले सहा दिवस पाठीवरच्या पिशवीवर काढा. रोख येन जवळ असू द्या, युनोमिनेच्या अंड्यांच्या दुकानात कार्ड चालेलच असं नाही. कीईमध्ये पाऊस आपल्या घाटमाथ्यासारखा कोसळतो, वादळांचा मोसम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ओसरत असला तरी चांगला रेनकोट आणि घसरणार नाहीत असे बूट घ्या.

पहिलं आरक्षण विमानानंतर लगेच युनोमिनेचं करा, तिथे खोल्याच मोजक्या आहेत, मग कोयासानचं. कोयासानला लिहिताना शाकाहारासोबत एक ओळ जास्त लिहा की जमिनीवर बसून जेवणं कठीण जातं, कमी उंचीची खुर्ची आणि टेबल हवं. बहुतेक मंदिरं आनंदानं ठेवतात, पण आपण सांगितल्यावरच.